डॉक्टरांना दाखवायचं का, हे मी सांगायचो

छावणीच्या बाजारामागं एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं मी कंपाउंडर होतो. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी शाळेत होतो. उर्दूत सुरू झालेलं शिक्षण मराठीत संपवलं, पुढं शिकायची सोय नव्हती म्हणून या दवाखान्यात लागलो, तो केस पांढरे होईस्तोवर तिथंच राहिलो.

माझी जागा लाकडी पडदीमागं, एका चौकोनी खिडकीपाशी. पेशंट बाटली घरून आणायचे. मी औषध भरायचो, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती पट्टी बाटलीला चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. पण माझं खरं काम वेगळंच होतं. सकाळी बाकांवर माणसं दाटलेली असायची. बाजारातले दुकानदार, शिपायांच्या घरच्या बाया, पैठणच्या रस्त्यावरच्या खेड्यांतून पहिल्या एसटीनं आलेले शेतकरी. डॉक्टर एकटे. कुणाला आधी आत सोडायचं, कुणाला बसवून ठेवायचं, आणि कुणाला "दोन दिवस हे घ्या, उतार नाही पडला तर या" म्हणून खिडकीवरूनच परत पाठवायचं, हे मी ठरवायचो. डॉक्टरांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. ते आपोआप तसं होत गेलं आणि त्यांनी होऊ दिलं.

मला ते जमायचं, हे कबूल केलं पाहिजे. एकदा चितेगावकडचा एक म्हातारा दाढ दुखते म्हणून आला. थंडीचे दिवस, बाकीचे घोंगड्या पांघरून बसलेले आणि याच्या कपाळावर घाम. मी त्याला सगळ्यांच्या पुढं काढून आत नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि तडक मोठ्या दवाखान्यात रवाना केलं. दुखणं दाढेचं नव्हतं, काळजाचं होतं. म्हातारा वाचला. आणखी एकदा एक बाई लेकराला मांडीवर घेऊन दोन तास शांत बसली होती. म्हणाली, "रडरड करत होतं काल, आज निवांत हाय." मी खिडकीतून हात घालून लेकराचं पाऊल धरलं, ते गार होतं. तिला तडक आत नेलं. ते लेकरूही जगलं.

अशा गोष्टी छावणीभर पसरल्या. मग माणसं घरी येऊ लागली. आम्ही दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचो. दोन खोल्या आणि मध्ये सामायिक अंगण. अंगणाच्या पलीकडं एक मुसलमान कुटुंब होतं. घरधनी लष्करी गणवेश शिवायचा. त्याच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची, आम्हीही म्हणायचो. संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसलो की कुणी ना कुणी दारात असायचं. पोराला पुरळ आलंय, सुनेला चक्कर येते, वडिलांचा पाय सुजलाय. प्रश्न एकच, "डॉक्टरांना दाखवायचं का?" मी चार गोष्टी विचारायचो, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचो आणि सांगायचो. माणूस निवांत होऊन जायचा. माझी बायको चहा टाकता टाकता म्हणायची, "तुमचा एक दवाखाना तिकडं, एक हिकडं."

ती स्वतः कधी पेशंट नव्हती. पैठणच्या अलीकडच्या एका गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिनं अंथरूण धरलेलं मला आठवत नाही. डोकं दुखलं तर कपाळाला फडकं करकचून बांधायची आणि कामाला लागायची. अंगात ताप असला तर सांगायची नाही. तिच्या हाताला हात लागला तरच मला कळायचं. आजारी माणूस म्हणजे जो निजून राहतो, असं तिचं मत होतं. दिवसा कुणाला निजू द्यायचं नाही अशा घरात ती वाढली होती.

मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. जावई चितेगावच्या एका कारखान्यात होता आणि मुलगी तिकडंच नांदत होती. घरात आम्ही दोघंच उरलो होतो. एका सकाळी मी दवाखान्यात जायला निघालो तेव्हा ती चुलीजवळून म्हणाली, "अहो, भाकरीचा घास अडकायलाय बघा हितं." तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

"लई अडकतो?"

"नाय. पाणी पिलं की जातो खाली."

"जळजळ होती? आंबट ढेकर?"

"व्हय, तसं होतं कवा कवा."

"पित्त हाय. येताना बाटली आणतो."

मी चपला घालत घालत हे बोललो. संध्याकाळी पित्ताचं गुलाबी औषध आणलं, तिला पट्टीवरच्या खाचा दाखवल्या. जेवणाच्या आधी एक डोस. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाली, बरं वाटायलंय. ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. बाटली संपली की मी दुसरी आणायचो. ती धुऊन ठेवायची, मी भरून आणायचो. असं किती महिने चाललं ते नीट सांगता येत नाही. उन्हाळ्यात सुरू झालं होतं आणि ज्वारीची कणसं भरली तरी चालूच होतं.

आमच्याकडं बायका मागून जेवतात. मी जेवून उठायचो, हात धुऊन अंगणात बसायचो आणि मग ती ताट घ्यायची. त्यामुळं ती काय खाते ते मी बघितलंच नाही. माझ्या ताटात भाकर आणि तिला लावून खायला कोरड्यास यायचं. तिच्या ताटात आधी भाकर वरणात कुस्करलेली यायला लागली, नंतर नुसता मऊ भात, त्यानंतर भाताची पेज. दर महिन्या-पंधरवड्याला एकेक गोष्ट तिच्या ताटातून कमी होत गेली आणि ती गुपचूप त्याहून पातळ अन्नावर सरकत गेली. मला फक्त इतकं दिसलं की ती चोळ्या आत घेतेय. सुई-दोरा घेऊन बसली होती. मी म्हणालो, "कामून गं?" तर म्हणाली, "जुन्या झाल्यात, सैल पडल्या." मी ते मान्य केलं आणि पेपर उघडला.

हे सगळं बघितलं ते खालानं. दुपारी दोघी अंगणात धान्य निवडत बसायच्या. एका रविवारी मी घरी होतो तेव्हा खाला दारात येऊन उभी राहिली. ती कधी माझ्याशी थेट बोलायची नाही, पदर डोक्यावरून पुढं ओढून आडून बोलायची. त्या दिवशी सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "भाई, तुमारी घरवाली कुछ खाती नै. पानी भी ठैर-ठैर के पीती. डाक्टर कू दिखाव."

मी हसलो. हसलो हे मला पक्कं आठवतं. म्हणालो, "खाला, औषध चालू आहे तिचं. पित्त आहे. मी बघतोय."

"हौ, तुम देख रै," खाला म्हणाली. मग निघून गेली.

आता वाटतं, मला राग आला होता. सगळी छावणी मला विचारायला येते आणि ही बाई माझ्याच घरातलं दुखणं मला सांगते, असं काहीतरी मनात आलं असणार. तसं मी उघड म्हणालो नाही, स्वतःशीही नाही. पण त्या दिवसानंतर पुष्कळ दिवस मी खालाशी नीट बोललो नाही.

त्या माघात बायकोच्या माहेरी, पैठणजवळ, एक लग्न होतं. आम्ही एसटीनं गेलो. उन्हं वर आली तशी पंगत बसली. बायकांची पंगत समोरच होती, म्हणून तिला जेवताना मी पुष्कळ दिवसांनी बघितलं. वाढपी बुंदी वाढून गेला. आजूबाजूच्या बाया आग्रह करत होत्या. तिनं बुंदीचे चार दाणे तोंडात टाकले, पाणी पिली, थांबली. परत पाणी पिली. मग तोंडाला पदर लावून उठली आणि मांडवाच्या मागं गेली. मी माझ्या पानावरून उठून गेलो तर ती भिंतीला हात टेकून उभी होती, आणि खाली मातीत ते बुंदीचे दाणे पडले होते. जसेच्या तसे, पिवळेधमक. पोटात गेलेलं अन्न उलटून आलं की कसं दिसतं हे मला माहीत होतं. हे पोटापर्यंत पोचलंच नव्हतं.

"किती दिवस झालं हे असं?" मी विचारलं.

"जाऊ द्या, माणसं बघत्यात," ती म्हणाली. तोंड पुसून परत पानावर जाऊन बसली आणि पंगत उठेपर्यंत नुसती बसून राहिली.

इथं तरी मी तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढं उभं करायला पाहिजे होतं. नाही केलं. का नाही केलं, याचं उत्तर मी खूप शोधलं. त्या मांडवामागं मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच नेलं नसावं. जोवर डॉक्टरांना दाखवलं नाही तोवर ते पित्त होतं. परत आल्यावर मी औषध बदललं. गुलाबी बाटली बंद केली आणि पांढरी सुरू केली.

मुलगी दिवाळीला येऊन गेली होती, ती पुन्हा आली तेव्हा शिमगा जवळ आला होता. आईला बघून ती दारातच थबकली. हातातली पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "आई, हे काय झालंय तुला?" आईनं नेहमीसारखं हसून टाळलं. मुलगी माझ्याकडं वळली.

"बाबा, डॉक्टरांना दाखवलं का?"

"मी आहे ना घरात."

"तुम्ही डॉक्टर नाहीत, बाबा."

एवढं स्पष्ट मला तोवर कुणी बोललं नव्हतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगीच आईला घेऊन दवाखान्यात आली. दोघी बाकावर बसल्या, इतर पेशंटांमध्ये. मी खिडकीतून बघत होतो. जी बाई रोज माझ्या घरात वावरत होती ती त्या बाकावर वेगळीच दिसली. गालफडं वर आलेली, गळ्याच्या शिरा दिसतायत, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत. माझ्या खिडकीपाशी असा परका पेशंट आला असता तर मी एका नजरेत त्याला उठवून आत नेलं असतं.

डॉक्टरांनी तिला तीनच गोष्टी विचारल्या. आधी कोरडं अडकायचं आणि मग पातळ अडकायला लागलं का? वजन उतरलं का? किती महिने झाले? तिन्ही प्रश्न मला पाठ होते. कितीतरी जणांना मी ते विचारले होते. ती उत्तरं देत होती आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. तिसऱ्या प्रश्नाला तिनं माझ्याकडं बघितलं. "मागच्या उन्हाळ्यापासून," असं मीच म्हणालो.

डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्याच घेऊन जा."

मोठ्या दवाखान्यात तिला पांढरं दाट औषध पाजून फोटो काढले. तेसुद्धा तिच्या घशाखाली धड उतरत नव्हतं. फोटोत अन्ननळीच्या मधोमध उंदरानं कुरतडल्यासारखी जागा दिसत होती आणि तिथून खाली दोऱ्याएवढी रेघ. नळी घालून तुकडा काढला, तो तपासायला गेला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता कापण्यासारखं राहिलं नाही. यकृतावर गेलंय. पोटातून नळी बसवता येईल, म्हणजे अन्नाचं पाणी तरी आत जाईल. आणखी काय करता येईल विचारलं तर ते पुढच्या पेशंटकडं वळले.

नळी तिनं नाकारली. "पोटाला भोक पाडून जेवायचं म्हंजे काय जेवण झालं," म्हणाली. मुलीनं हातापाया पडून बघितलं. मी आग्रह केला नाही. तिला काही सांगायची माझी लायकी राहिली नव्हती.

ती घरी आली ती आणखी अडीच महिने जगली. मुलगी राहायला आली होती. खाला रोज काहीतरी करून आणायची. गाळलेल्या डाळीचं पाणी, खजुराचं पाणी, पातळ खीर कपड्यातून गाळलेली. चमच्यानं द्यायची, दोन चमचे गेले तर गेले. मी कामावर जात होतो. घरी थांबलो असतो तर तिला बघत बसावं लागलं असतं. मी गेलो, हे खरं आहे.

एकदा दुपारी मी लवकर आलो. मुलगी नळावर गेली होती. बायको भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा आवाज अगदी बसला होता. मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, "तू मला लई अडकायलंय असं नीट सांगायला पाहिजे होतं."

 ती म्हणाली, "सांगितलं की. तुम्ही चपला घालत होता."

रागानं म्हणाली नाही. हवा बदलली म्हणून सांगावं तसं म्हणाली. मग पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं, ते ओठांवरून बाजूला ओघळलं. मी पुसलं. आणखी काही बोलणं झालं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. जेठाचं ऊन ऐन तापलेलं असताना एका सकाळी ती गेली. शेवटच्या चार दिवसांत पाणीसुद्धा उतरत नव्हतं. माझ्या मुलीनं ओल्या कापसानं तिचे ओठ भिजवले. मला ते जमलं नाही.

तेरावा झाल्यावर मी परत खिडकीपाशी उभा राहिलो. माझी नजर गेली होती. डोळ्यांची नव्हे, ती दुसरी. समोर माणूस उभा राहिला की मला काहीच कळेना. साधं पडसं झालेला पोरगा आला तरी वाटायचं, यात काहीतरी असेल. मी सगळ्यांना आत सोडायला लागलो. खोकला, आत. ढेकर, आत. डॉक्टरांची दुपार संध्याकाळपर्यंत लांबायला लागली. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि समोर बसवलं. तोवर मी त्यांच्यासमोर कधी बसलो नव्हतो.

"सगळ्यांनाच आत पाठवायला लागलात तुम्ही," ते म्हणाले.

"माझ्याच्यानं ठरत नाही आता."

ते टेबलावरचं पेन इकडचं तिकडं करत राहिले. मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. "साहेब, मागच्या उन्हाळ्यातच आणलं असतं तुमच्याकडं, तर?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "मी पण पित्ताचंच औषध दिलं असतं. महिनाभर. मग थांबलो असतो का, माहीत नाही. वाचली असती असं मी म्हणणार नाही. नसती वाचली असंही नाही म्हणणार."

मला वाटलं होतं, दोहोंपैकी एक ऐकलं की मन कुठंतरी टेकेल. त्या उत्तरानंतर टेकायला जागा उरली नाही. आजही नाही. मी पुढं दोन वर्षं कशीबशी काढली आणि मग काम सोडलं. त्यांनी थांबवलं नाही.

घरी विचारायला येणारी माणसं लगेच थांबली नाहीत. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, तरी यायची. सवय असते माणसाला. मी दारातच सांगायचो, "डॉक्टरांना दाखवा." काय होतंय ते ऐकूनही घ्यायचो नाही. हळूहळू येणं कमी झालं, मग बंद. खालाचं कुटुंब नंतर दुसरीकडं राहायला गेलं. जाताना ती भेटायला आली आणि माझ्या बायकोची आठवण काढून रडली. त्या रविवारी ती दारात येऊन जे बोलली होती त्याबद्दल मला माफी मागायची होती. मी तिला नीट जा म्हणालो.

मुलगी अजून चितेगावलाच आहे. सणावाराला येते, माझं हवं नको बघते, वाकडं कधी बोलली नाही. तिला दोन मुलं आहेत. त्यातलं कुणी आजारी पडलं की ती मला कळवत नाही. पंधरा दिवसांनी, महिन्यानं बोलण्याच्या ओघात सांगते की धाकट्याला टायफॉइड होऊन गेला, आता बरा आहे. मी बरं म्हणतो.